रोज दोन मिनिटं मागे पडणारं घड्याळ

यंदा दिवाळी उलटून आठवडा झाला आणि बरणीतलं मीठ मोकळं झालं. जूनपासून ते ओलसर ढेकूळ होऊन बसलेलं असतं, चमच्याच्या दांड्याने खरवडावं लागतं. मग एका सकाळी चमचा आत घालावा तर मीठ वाळूसारखं सरकतं. मुलुंडला आमच्या घरी हिवाळा असा येतो. थंडी नंतर, आली तर. आधी हवा कोरडी होते. वर्तमानपत्राचं पान उलटताना वाजायला लागतं, ओठांना तूप लावावं लागतं, पावसात फुगलेलं कपाटाचं दार पुन्हा नीट मिटतं.

"आला तुझा सीझन," वैशाली म्हणाली. "खिडकीतलं टेबल रिकामं करून देऊ?"

"नको," मी म्हणालो.

वैशाली माझी बायको. तिने पुन्हा विचारलं नाही. टेबलावर तिच्या शिवणाच्या पिशव्या आहेत, त्या तिथेच राहिल्या. टेबलाच्या खणात माझे चिमटे, बारीक कानशी, डोळ्याला लावायची काच आणि वॉर्निशच्या दोन बाटल्या आहेत. वॉर्निश आता बाटलीतच घट्ट झालं असेल. बघितलं नाही.

मुंबईत घड्याळाच्या डायलवर वॉर्निश मारायचं असेल तर दिवाळी ते होळी एवढेच दिवस मिळतात. एरवी हवेत इतकं पाणी असतं की वॉर्निश वाळता वाळता पांढरं पडतं. काळ्या डायलवर धुकं बसल्यासारखं दिसतं आणि ते मग निघत नाही. मी सात-आठ डायल अशा घालवल्या तेव्हा कुठे शिकलो. त्यामुळे वर्षातले हे चारेक महिने माझ्यासाठी इतर महिन्यांपेक्षा वेगळे होते. शेतकऱ्याला पेरणीचे दिवस कळतात तसे मला वॉर्निशचे दिवस कळायचे. अजून कळतात, एवढंच.

मी जुन्या घड्याळांच्या प्रतिकृती बनवायचो. वैशाली त्यांना सरळ "नकली" म्हणायची आणि ते खरंच होतं. जुन्या घड्याळासारखी दिसणारी केस, म्हणजे बाहेरचं स्टीलचं कवच, डायल, काटे हे सगळं परदेशातून पोस्टाने मागवता येतं. पण जे येतं ते लांबून बरोबर आणि जवळून चुकीचं असतं. कडा नको इतक्या धारदार. काच सपाट, मुळात ती जराशी फुगीर असायची. काट्यांवरचं रेडियम पोपटी, जुनं रेडियम तर दुधाच्या चहाच्या रंगाचं झालेलं असतं. तारखेच्या चकतीवरच्या इंग्रजी सहाचं पोट मिटलेलं, खऱ्या घड्याळात ते उघडं. ह्या चुका एकेक करून काढायच्या, हा आमचा छंद. आमचा म्हणजे फोनवरच्या ग्रुपमधल्या चाळीसेक माणसांचा. त्यातल्या बहुतेकांना मी कधी भेटलो नाही. कोणी फोटो टाकला की दोन मिनिटांत उत्तर यायचं, "भावा, झकास, पण तुझा सहा चुकलाय." मग तो बिचारा पुढचा महिनाभर सहाच्या मागे.

मी औषधांच्या कंपनीत नोकरी करतो. छापून आलेली लेबलं मंजूर नमुन्याशी ताडून बघायची, हे माझं काम. एक टिंब कमी असलं तरी गठ्ठा परत. तेवीस वर्षं हे केलं की डोळ्याला दुसरी सवय राहत नाही. समोर जे आहे ते बघायच्या आधी, ते कशापेक्षा वेगळं आहे हेच दिसतं.

ग्रुपचा एक दंडक होता. घड्याळ कितीही हुबेहूब बनवा, पण मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला बनवणाऱ्याने आपली खूण कोरायची. कोणी मासा कोरायचा, कोणी आद्याक्षर. मी तीन आडव्या रेघा मारायचो. उद्या ते घड्याळ कोणाच्याही हातात गेलं आणि उघडलं, तर त्याला कळावं की हे खरं नव्हे, कोणा माणसाने हौसेने केलेलं आहे. हा दंडक मोडणाऱ्याला ग्रुपमधून काढत. मी सतरा घड्याळं बनवली. सोळांवर तीन रेघा आहेत.

सतरावं घड्याळ मी बाबांसाठी बनवलं.

बाबा बोटीवर इंजिन-फिटर होते. आम्ही मूळचे मालवणकडचे, आणि तिकडच्या कितीतरी घरांतले पुरुष बोटीवर असत. त्यांनी जपानच्या एका बंदरात पाणबुड्यांचं म्हणून मिळणारं एक स्टीलचं घड्याळ घेतलं होतं. काळी डायल, बाहेर फिरणारी रिंग, जाड काच. बोट सोडून ते बोरिवलीला कायमचे राहायला आले तेव्हा घड्याळ कपाटात गेलं. लग्नाकार्याला आणि गावी जाताना तेवढं हातात यायचं. दीडशे मीटर खोल पाण्यात चालतं, असं ते प्रत्येक पाहुण्याला सांगायचे. दीडशे मीटर म्हणजे किती, हे सांगायला खिडकीतून समोरच्या इमारती दाखवायचे.

मी अकरावीत होतो. मित्रांना ते दीडशे मीटर दाखवायचे म्हणून मी एका दुपारी कपाटातून घड्याळ घेतलं. आम्ही तरीतून खाडीपलीकडे गोराईला गेलो. भरती होती. धक्क्याच्या पायऱ्यांवरून मी हात वर करून सगळ्यांना घड्याळ दाखवलं आणि पाण्यात उडी मारली. वर आलो तेव्हा मनगटावर काही नव्हतं. पट्टा केसला धरून ठेवणारी स्प्रिंगची बारीक कांडी असते, ती तुटली असणार. घड्याळात दोष नव्हता. ते बहुधा खाली नीट चालतच असेल.

पुढचे तीन दिवस मी ओहोटीची वेळ गाठून एकटा तिथे गेलो आणि पायाने चिखल चाचपत राहिलो. खाडीचा चिखल वरून कोमट असतो आणि घोट्याच्या खाली एकदम गार. तिसऱ्या दिवशी धक्क्यावर मासळी निवडत बसलेल्या एका कोळणीने विचारलं, "काय हरवलं रं पोरा?"

"चप्पल," मी म्हणालो.

"चपलेपायी तीन दिस?" ती हसली आणि पुन्हा टोपलीत बघायला लागली.

ते माझं पहिलं खोटं. दुसरं मला बोलावंही लागलं नाही. त्याच आठवड्यात माझा मोठा भाऊ, सुरेशदादा, घर सोडून गेला होता. बाबांनी त्याचे बोटीवर जायचे कागद करून आणले होते आणि त्याला बोट नको होती. आयटीआय करून तो टर्नर झाला होता, घाटकोपरला एका वर्कशॉपमध्ये लेथवर लागला होता. दोघांचं कडाडून भांडण झालं, दादा घाटकोपरला खोली घेऊन राहायला गेला, आणि चार दिवसांनी बाबांनी कपाट उघडलं. घड्याळ नाही म्हटल्यावर त्यांनी कोणालाच काही विचारलं नाही. त्यांना विचारायची गरज वाटली नाही.

दादाला निरोप गेला. तो आला, दारातच उभा राहिला. "मी नाही घेतलं," म्हणाला. बाबा म्हणाले, "मग कोणी?" दादाने एकदा आईकडे बघितलं, एकदा खाली बघितलं आणि निघून गेला. मी आतल्या खोलीत पुस्तक घेऊन बसलो होतो. पुस्तकाचं पान मला अजून आठवतं. लोलकाची आकृती होती.

त्यानंतर पस्तीसेक वर्षं दादा सणावाराला येत राहिला. त्याचं लग्न झालं, मुली झाल्या, आई गेली. वरून बघणाऱ्याला काही वेगळं दिसलं नसतं. फक्त दादाची हाक दारात आली की बाबा उठायचे, कपाटाची किल्ली काढून घ्यायचे आणि बंडीच्या खिशात टाकायचे. दादा ते बघायचा. आम्ही सगळेच बघायचो. नंतर नंतर बाबांना उठायला त्रास व्हायला लागला, तरी उठायचे.

मी घड्याळांच्या नादाला का लागलो, हे मला कोणी विचारलं तर मी जुन्या वस्तूंची आवड वगैरे सांगायचो. बाबांना तर हा नाद मी कधी कळूच दिला नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीनंतर बोरिवलीच्या इमारतीच्या पुनर्विकासाचं अखेर ठरलं. होळीच्या आत घरं रिकामी करायची होती. मला वाटलं, चाळीस वर्षांचं घर उपसलं जाईल तेव्हा काहीही सापडू शकतं. कुठल्या तरी डब्यातून घड्याळ निघालं तर सगळे म्हणतील, अरे, हे तर इथेच होतं, उगाच सुरेशवर आळ. मला काही बोलावं लागणार नाही आणि दादा मोकळा होईल. हे मला तेव्हा उत्तम वाटलं. नमुन्याबरहुकूम झालं पाहिजे, एवढीच एक अट मला दिसत होती.

नमुना मात्र खाडीत होता. माझ्याकडे एक फोटो होता. गच्चीत बाबा उभे, त्यांचा हात सहा वर्षांच्या दादाच्या खांद्यावर आणि मनगटावर घड्याळ. तो मोठा करून मी मिनिटांच्या रेघा मोजल्या. उरलेलं बाबांच्या डोक्यात होतं. बाबा तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांचे. काल काय जेवले ते विसरायचे, पण त्या घड्याळाबद्दल विचारलं की इंजिन-रूममध्ये उभं राहून बोलल्यासारखे बोलायचे.

"सेकंदाचो काटो टोकाक लाल होतो," ते म्हणाले. "आणि आठाच्या ठिकाणचां रेडियम उडालेलां, अर्धां."

"आणि केसवर काही खूण?"

"डाव्या बाजूक खाली पोचो होतो. बोटीच्या शिडयेक आपटलेलां." मग माझ्याकडे बघून, "पण तू कित्याक इचारतंस?"

"सहज."

"चोरान नेलेल्या वस्तूची चौकशी करून काय गावता?" ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. मी खिशातल्या कागदावर 'पोचा, डावा, खाली' असं लिहून घेतलं.

तो हिवाळा फार चांगला कोरडा होता. रविवारी जेवण झालं की मी खिडकीशी बसायचो आणि उजेड जाईपर्यंत उठायचो नाही. केसच्या कडा पॉलिश पेपरने मऊ केल्या, मग चामड्याच्या पट्टीवर घासल्या. बाहेरच्या रिंगचा काळा रंग फिका करायला ती ब्लीचच्या पाण्यात बुडवायची असते. पहिल्या दोन पार राखाडी होऊन गेल्या, तिसरी वेळेवर काढली. रेडियमच्या भुकटीत पिवळी माती मिसळून चहाचा रंग आणला आणि आठाच्या खुणेवरचा अर्धा भाग सुईने उडवला. त्यावर वॉर्निशचा पातळ हात दिला. ते तासाभरात वाळलं, एकही डाग न पडता. पोचा स्क्रूड्रायव्हरचं टोक ठेवून हातोडीच्या एका ठोक्यात केला. त्या एका ठोक्यासाठी मी चार रविवार जुन्या पत्र्यावर सराव केला होता.

आतलं मशीन नवीन घातलं, पण जुन्याच्या चालीचं. सेकंदाचा काटा जेवढ्या बारीक पावलांनी जायचा तेवढ्याच पावलांनी जाणारं. फोनमध्ये एक ॲप असतं, ते टिकटिक ऐकून घड्याळ किती मागेपुढे पडतंय ते सांगतं. मी ते मशीन दिवसाला तीन सेकंदांवर आणलं. एवढं नेमकं घड्याळ मी त्याआधी कधी लावलं नव्हतं. दोन दिवस ते हातात घालून फिरलो. मग बाबांचं एक वाक्य आठवलं. "रोज दोन मिन्टां मागे पडायचां. बोटीवरच्या सायबान सांगल्यान, दुरुस्त कर. मी म्हटलंय, ऱ्हवांदे, माका तेची सवय आसा." मी झाकण पुन्हा उघडलं आणि वेग कमी-जास्त करायचा केसाएवढा दांडा टोकाने ढकलत ढकलत घड्याळ बिघडवलं. दिवसाला बरोब्बर दोन मिनिटं मागे. ते जमायला आठवडा लागला.

झाकण कायमचं बंद करायच्या आधी कोरणी हातात घेतली होती. तीन रेघा मारल्या नाहीत.

माळ्यावर एक ट्रंक होती आणि ट्रंकेत बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा. त्यात बाबांची बोटीवरची अवजारं असायची, हे मला लहानपणापासून माहीत होतं. छोटे पाने, व्हर्निअर, तेलकट फडकं. वास सुद्धा तोच होता. बांधाबांध सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात मी घड्याळ त्या फडक्यात गुंडाळून डब्याच्या तळाशी ठेवलं.

त्या रविवारी दादाही आला होता, ट्रंक उतरवायला दोन माणसं लागतात म्हणून. बाबा किल्ली खिशात घालून खुर्चीवर बसून देखरेख करत होते. डबा दिसल्याबरोबर दादा म्हणाला, "अरे, माझा डबा! आयटीआयला लागलो तेव्हा दिलेलात ना, बाबा? मला वाटलं भंगारात गेला असेल."

मी पाठमोरा उभा राहून पुस्तकं बांधत होतो. सुतळीची गाठ माझ्या हातातून सुटली. डबा बाबांनी दादाला दिला होता, घड्याळ जायच्या दोन वर्षं आधी. भांडण झालं तेव्हा तो घरीच ठेवून दादा गेला. हे मला तेव्हा माहीत होतं. नंतर मी मिनिटांच्या रेघा मोजत बसलो आणि हे विसरलो.

दादाने एकेक अवजार बाहेर काढलं. फडकं उलगडलं.  बाबांनी हात पुढे केला. दादाने घड्याळ त्यांच्या हातावर ठेवलं. बाबांचा अंगठा न बघता सरळ त्या पोच्यावर गेला आणि तिथे थांबला.

"माका ठाऊक होतां," बाबा म्हणाले. "तुझ्याच डब्यात होतां मां?"

दादाने फडक्याची घडी घातली. बाबांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण चेहरा हसरा होता. मी त्यांना तसं फार वर्षांनी बघत होतो. "मरांदे," ते म्हणाले. "चुकी होता माणसाकडना. आता गावलां मां? बस हंय, माझ्याकडे बस."

दादा त्यांच्याजवळ बसला. त्याने घड्याळ पुन्हा हातात घेतलं, उलटंपालटं केलं, केसच्या कडेवरून नख फिरवलं. तो पस्तीस वर्षं लेथवर काम केलेला माणूस. त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं.

नंतर तो मला गच्चीत घेऊन गेला. पाण्याच्या टाकीच्या सावलीत उभे राहिलो.

"कितीचा पॉलिश पेपर मारलास, मंग्या?" त्याने विचारलं.

मी म्हणालो, "आधी आठशे. मग बाराशे."

"दोन हजार मारायचा होतास. रेघा दिसतात." मग, "खरं कुठाय?"

मी सांगितलं. गोराई, भरती, पट्ट्याची कांडी. सांगायला पाच मिनिटंही लागली नाहीत. तो टाकीला टेकून ऐकत होता. मला वाटलं होतं तो मारेल. निदान शिव्या देईल.

"मला वाटलं, आईने दिलं," तो म्हणाला.

"कोणाला?"

"मामाला, रे. त्याच आठवड्यात मामा पहिल्यांदा बोटीवर गेला ना. मी घरातून निघालो त्या दिवशी आई कपाट उघडून रुमालात काहीतरी बांधून त्याला देत होती. मला वाटलं, बोटीवर जातोय, घड्याळ हवं, म्हणून गुपचूप दिलं असेल. मी नाव घेतलं असतं तर बाबांनी आईचं काय केलं असतं? म्हणून गप्प बसलो." तो टाकीवरचा सुटलेला रंग नखाने काढत होता. "मामाच्या बाराव्याला नाही गेलो मी. आईने किती सांगितलं. तिला मी म्हटलं, तुझा भाऊ आहे, तू जा."

  मी एक घड्याळ हरवलं, एवढंच मी इतकी वर्षं धरून चाललो होतो.

"बाबांना सांगू?" मी विचारलं.

"तुझं तू बघ," दादा म्हणाला. "मी तेव्हा एकदा सांगितलंय, मी नाही घेतलं. पुन्हा सांगणार नाही." आणि तो जिना उतरून गेला. खाली जाऊन त्याने ट्रंक बांधली.

मी दीड महिना सांगितलं नाही. बाबांना जवळच भाड्याच्या घरात हलवलं. तिथे दर रविवारी दादा घाटकोपरहून यायचा, मी मुलुंडहून. बाबा घड्याळ हातात घालून बसलेले असायचे. सकाळी रेडिओच्या बातम्या लागल्या की दोन मिनिटं पुढे करायचे आणि समाधानाने मान हलवायचे. दादाची हाक आली तरी ते आता उठायचे नाहीत. किल्ली कपाटालाच लटकलेली असायची. दाढी त्यांना दादानेच केलेली हवी असायची. लेथ, दादाच्या मुली, घाटकोपरचं पाणी, सगळ्याची विचारपूस व्हायची. एकदा तर त्याने आणलेले बोंबील खाऊन, इतके ताजे बोंबील बोरिवलीला मिळत नाहीत, असंही म्हणाले. बोरिवलीतच घेतले होते.

कोणी नातेवाईक भेटायला आले की मनगट पुढे करून सांगायचे, "सुरेशान परत दिल्यान हां. पोरगो वाईट नाय." दादा तेव्हा तिथेच बसलेला असायचा. चहा ओतत असायचा.

हे मी दादाला विचारून लिहितो आहे. बाबांना जाऊन आता दोन वर्षं होतील. "लिही," दादा म्हणाला. "पण आधी मामीला जाऊन सांग." म्हणून गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघं मालवणला गेलो. मामी पडवीत बसून आमसुलांची सोलं वाळवत होती. मी सगळं सांगितलं. रुमालाचा विषय आला तरी तिचा हात थांबला नाही. "देवाचो अंगारो होतो तो," म्हणाली. "ह्यांच्या बॅगेत शेवटपर्यंत होतो." मग दादाकडे बघून म्हणाली, "भाचो इलो नाय, असां ते जाताना म्हणाले." दादा तिच्यासमोर बसला आणि सोलं उलटी करायला लागला. मला कोणी बस म्हणालं नाही. मी उभाच राहिलो आणि ते योग्यच वाटलं.

बाबांना मी सांगितलं ते त्या दीड महिन्यानंतर, त्याच वर्षीच्या होळीच्या आदल्या रविवारी. हवा तेव्हा ओलसर व्हायला लागली होती. दादा बाबांची दाढी करत होता. एका गालाची झाली होती, दुसऱ्या गालावर साबण होता.

मी म्हणालो, "बाबा, घड्याळ जरा द्या." त्यांनी काढून दिलं. मी खिशातून झाकण उघडायची चावी काढली, मागचं झाकण फिरवून उघडलं आणि डोळ्याला लावायची काच त्यांच्या हातात दिली. दादाने वस्तरा बाजूला ठेवला.

बाबांनी बराच वेळ बघितलं. फिटरचे डोळे. "मशीन नवीन आसा," ते म्हणाले.

"घड्याळच नवीन आहे, बाबा. मी बनवलंय."

त्यांनी अंगठा पोच्यावर ठेवला. "आणि ह्यां?"

"ते पण मीच केलं. स्क्रूड्रायव्हरने."

"तां बोटीच्या शिडयेक लागलां. तेव्हा तुझो जन्मय नव्हतो." ते हसले. मग हसू गेलं. "भावाक वाचवूक इलंस? मी तेका माफ केलंय. आता कित्याक वाचवतंस?"

दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हतं. एक खूण कोरली असती तर बोट ठेवता आलं असतं. मी गोराईचं सांगायला लागलो. पायऱ्या, उडी, तीन दिवस ओहोटीला जाणं, कोळणीला सांगितलेली चप्पल. बाबा माझ्या तोंडाकडे बघत ऐकत होते. सांगता सांगता मला कळलं की त्यांना ते पटायला लागलं आहे. काच त्यांच्या हातातून मांडीवर पडली. त्यांनी दादाकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे.

"मग ह्येना घेतल्यान नाय?" ते म्हणाले. "मग मी इतकी वर्सां..."

 तोंड उघडं राहिलं. साबण गालावर सुकत होता.

"खोटं बोलतोय तो, बाबा," दादा म्हणाला.

मी दादाकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत नव्हता.

"मीच घेतलेलं," दादा म्हणाला. "मशीन गंजलं, म्हणून नवीन घातलं. तोंडावर द्यायची लाज वाटली, म्हणून डब्यात ठेवलं. मंग्याला उगाच वाटतं, मला वाईट वाटत असेल. तो लहानपणापासून असाच आहे."

"दादा," मी म्हणालो.

"गप रे तू."

बाबांनी श्वास सोडला. चेहरा हळूहळू जागेवर आला. "माका ठाऊक होतां," ते पुटपुटले. त्यांनी काच पुन्हा डोळ्याला लावली आणि उघड्या घड्याळात बघितलं. मशीन आपल्या गतीने चाललं होतं. ते बघत राहिले, जाणकाराने बघावं तसं, घाई न करता.

"चांगलां बसवलंस, सुऱ्या," ते म्हणाले. "साफ काम आसा." मग त्यांनी मानेने माझ्याकडे खूण केली. "ह्येकाय शिकव कायतरी. ह्येच्या हाताक कसलांच कसब नाय."

"शिकवतो, बाबा," दादा म्हणाला आणि सुकलेल्या गालावर पुन्हा साबण लावायला घेतला.